खालचा आकडा

दुपारच्या सुट्टीचा भोंगा होऊन गेला तरी मी जागची हलले नव्हते. डबा समोर तसाच होता. मे महिन्याचं ऊन, डोक्यावर पत्रा, आणि वर्षअखेरीच्या हिशेबांनी सव्वा महिना जीव मेटाकुटीला आणलेला. खिडकीच्या गजाशी कुणीतरी खाकरलं, तर मान वर करायचासुद्धा कंटाळा आला.

"शालनताई, जेवलासा काय?"

हुसेन मुजावर होता. आमच्या कुपवाडच्या कारखान्यात पाण्याच्या पाइपांवरचे व्हाल्व्ह ओतायचे, आणि त्यांचे साचे करणाऱ्यांत हा आता सगळ्यात जुना. माझे वडील, आबा, पाच वर्षांपूर्वी त्याच खात्यातून रिटायर झाले. मुजावर त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

"जेवते आता. काय काढलंस?"

त्यानं खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद काढला आणि गजातून आत सरकवला.

"हे जरा वाचून सांगा. पुढचं न्हवं, मागचं."

पुढचं मला पाठ होतं. तसलंच पत्र आमच्या घरी ट्रंकेत होतं. अकरा वर्षांपूर्वी कारखाना बुडायच्या बेतात आला होता. तेव्हा मी इथं नव्हते, सासरी नांदत होते. चार महिने सगळ्यांनी अर्ध्या पगारावर काम केलं, आणि थोरले मालक भूपालआण्णा उगारे यांनी भट्टीपुढं उभं राहून दोनशे चौदा माणसांच्या हातात एकेक पत्र दिलं. बरे दिवस आले की प्रत्येकाला कंपनीचे पाचशे शेअर, दहा रुपये भावानं. सभेत तसा रीतसर ठरावही करून घेतला. बरे दिवस म्हणजे नेमकं काय, ते मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत होतं. ती बाजू मी कधी वाचली नव्हती. दिवसभर दुसऱ्याचे कागद उलटेपालटे करणाऱ्या बाईनं घरातला कागद उलटून पाहिला नाही, यावर कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसावं.

मी वाचलं. लागोपाठ तीन वर्षं कंपनीला नफा झाला तर शेअर मिळणार. आणि ते तिसरं वर्ष संपेल त्या दिवशी माणूस नोकरीत असला पाहिजे.

"यंदाचं तिसरं न्हवं?" मुजावरनं विचारलं.

मी बोटं मोजली. "तिसरं."

"मागल्या बारीला हुकलं. दोन वर्षं नफा झाला, आन् तिसऱ्याला चाळीस हजार तोटा. एवढ्या मोठ्या कारखान्यात चाळीस हजार." त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडं नेली. "म्हणून म्हटलं ताईंला इचारावं. यंदा हिशेब तुम्हीच करतायसा म्हणं."

"साहेबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना."

"मग बरं हाय. कारखाना कोइमतूरवाल्यांस्नी इकणार म्हणत्यात. ते मानतील का हा कागद?"

"पुस्तकात असेल ते मानतील. नसेल ते कशाला मानतील?"

"मग तेवढं पुस्तकात घाला, ताई. भिंती उभ्या करून दोन वर्षं झाली. स्लॅब टाकायचाय." पत्र पिशवीत घालून तो गेला. मी डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि बंद केला.

आमचे हिशेबप्रमुख दिनकर रेठरेकर. त्यांचा एक नेम होता. कॉम्प्युटर येऊन जमाना झाला होता, पण वर्षाचा शेवटचा हिशेब आधी पेन्सिलीनं कागदावर मांडायचा, मग यंत्रावर चढवायचा. तो पेन्सिलीचा कागदच फाईलला लागायचा, ऑडिटरही तोच बघायचे. साहेब म्हणायचे, यंत्र विचारत नाही, कागद विचारतो. इतकी वर्षं मी वरची अर्धी बाजू करायची आणि ते खालची. यंदा पट्टी बांधून ते घरी, म्हणून अख्खा कागद माझ्याकडं.

हिशेब होता एका शेअरला किती नफा झाला त्याचा. वरचा आकडा सोपा. नफा दोन कोटी बारा लाख. शेअर वीस लाख, शिवाय एक ऑक्टोबरला दोन लाख नवे काढलेले. नवे शेअर वर्षभर नव्हते, म्हणून ते अख्खे धरायचे नाहीत. एकशे ब्याऐंशी दिवस होते, तेवढ्याच दिवसांचे धरायचे. सगळे मिळून झाले वीस लाख नव्याण्णव हजार सातशे सव्वीस. भागाकार आला दहा रुपये दहा पैसे. छान, गोल चेहऱ्याचा आकडा.

खालचा आकडा म्हणजे अजून दिलेले नाहीत, पण द्यायचं कबूल केलंय, ते शेअरही धरून काय येतं ते. दरवर्षी साहेब वरचाच आकडा खाली उतरवायचे. मी कधी का म्हणून विचारलं नाही. पण यंदा मागची बाजू वाचून बसले होते. फाईल काढली. दोनशे चौदांपैकी नोकरीत उरले होते एकशे शहाऐंशी. पाचशेप्रमाणे त्र्याण्णव हजार शेअर. त्याचे दहा रुपयांप्रमाणे नऊ लाख तीस हजार कंपनीला मिळणार. बाजारात सरासरी भाव ऐंशीचा, तर तेवढ्या पैशात अकरा हजार सहाशे पंचवीस शेअर आले असते. तेवढे वजा केले. उरलेले एक्क्याऐंशी हजार तीनशे पंचाहत्तर म्हणजे जवळजवळ फुकट द्यायचे. ते वरच्या बेरजेत मिळवले आणि पुन्हा भागलं.

नऊ रुपये बहात्तर पैसे.

दोनदा ताडून पाहिलं, तेच. कागदाखाली सही केली आणि पंख्याकडं बघत बसले.

अडीचला रेठरेकर साहेब आले. डोळ्यावर काळा गॉगल, हातात औषधाची पिशवी. चारला ऑडिटर कानिटकर येणार होते, म्हणून डॉक्टरांचं न ऐकता आले होते. गॉगल कपाळावर चढवून त्यांनी कागद बऱ्या डोळ्याजवळ नेला.

"हा खालचा आकडा वेगळा कसा?"

"यंदा अट पूर्ण झाली साहेब. तीन वर्षं."

"तुला कुणी सांगितलं?"

"पत्राच्या मागं लिहिलंय."

ते खुर्चीत बसले. मला वाटलं ओरडतील, पण त्यांचा आवाज माझ्यापेक्षा दमलेला निघाला.

"शालन, कोइमतूरवाले भाव देणार तो खालच्या आकड्याच्या बारा पट. धाकट्या मालकांच्या घरात शेअर बारा लाख. दहा-दहाचे नऊ-बहात्तर झाले की शेअरमागं साडेचार रुपये गेले. किती होतात?"

"पंचावन्न लाखांच्या आसपास," मी म्हणाले. सवय वाईट.

"तेवढे एका ओळीनं घालवणार तू?"

"पण आण्णांनी कबूल केलंय ना माणसांना."

"आण्णांना आता घरची माणसं ओळखू येत नाहीत. कबूल केलेलं काय ओळखणार?" त्यांनी माझ्या ट्रेमधला खोडरबर उचलून कागदावर ठेवला. "खालची ओळ खोड. वरचाच आकडा खाली उतरव. कानिटकर विचारतील, आणखी कुणाला शेअर द्यायचेत का. नाही म्हणून सांग. जूनमध्ये नवे मालक आले की कोण कुणाला पत्र दाखवतंय."

"साहेब, माझ्या हातानं खोटं नका लिहायला लावू."

"खोटं?" त्यांनी गॉगल काढून टेबलावर ठेवला. एक डोळा लाल, पाणी गळत होतं. "पाच वर्षांपूर्वी तीन एप्रिलचं बिल लिहिलंस, ते काय होतं?"

मला पटकन आठवेना. मग आठवलं. एका पाणी योजनेचे मोठे व्हाल्व्ह होते. माल मार्चच्या शेवटी गेला होता, आणि साहेब म्हणाले, बिलावर तारीख तीन एप्रिल घाल, टॅक्स वाचतो. मी घातली. सासर सोडून आलेल्या मला आण्णांनी आबांच्या शब्दावर कामाला घेतलं होतं, साहेबांनी शिकवलं होतं. त्यांनी तारीख सांगितली, मी लिहिली. मार्चमध्ये कुठल्या ऑफिसात असलं होत नाही?

"त्या बिलात सव्वा लाखाचा नफा होता," साहेब म्हणाले. "त्या मार्चमध्ये धरला असता तर वर्षाला पंच्याऐंशी हजार नफा दिसला असता. तो पुढं ढकलला, म्हणून चाळीस हजार तोटा. सव्वा लाखावरच्या टॅक्ससाठी कोण एवढा खटाटोप करतं गं? तुला तेव्हा खरंच वाटलं?"

मला खरंच वाटलं होतं. आता मी मनात तारखा लावत होते. मार्चमध्ये ते तिसरं वर्ष मोडलं. त्याच जूनमध्ये आबा रिटायर झाले. दोनशे चौदातून एकशे शहाऐंशी गेले की अठ्ठावीस उरतात. त्या मार्चनंतर नोकरीतून गेलेल्या त्या अठ्ठावीस जणांची पत्रं रद्दीत जमा झाली होती, आणि त्यातलं एक आमच्या ट्रंकेत होतं.

"एकदा केलंसच," साहेब म्हणाले, "दुसऱ्यांदा काय अवघड आहे?" आणि डोळ्यात औषध घालायला आपल्या केबिनमध्ये गेले.

शालनताईनं मोठं धाडस केलं, असं नंतर कारखान्यात सगळे म्हणायचे. मुजावरच्या बायकोनं तर मला साडी नेसवली. काय सांगायचं लोकांना? याला आता अठरा वर्षं झाली, आबांना जाऊनही नऊ झाली, म्हणून सांगते. मी खोडरबर उचलला होता. ओळीवर टेकवलासुद्धा. आणि मग मनात मोजायला लागले, काय काय करावं लागेल ते. ओळ खोडायची. यादी फाईलमधून काढून कुठंतरी लपवायची. चारला कानिटकरांच्या तोंडावर नाही म्हणायचं. उद्या मुजावर खिडकीशी येईल, त्याला काहीतरी सांगायचं, आणि काय सांगितलं ते लक्षात ठेवायचं. परवा आणखी कुणी येईल. घरी आबांच्या समोर बसून भाकरी खायची. एवढं सगळं माझ्यानं होण्यातलं नव्हतं. मी खोडरबर ट्रेमध्ये टाकला आणि टेबलावर डोकं ठेवून बसले.

चारला कानिटकर आले. वयस्कर, सांगलीचे, ताकाशिवाय काही न घेणारे. पेला ओठाला लावत त्यांनी फाईल उघडली आणि दरवर्षीच्याच सुरात, मान वर न करता, विचारलं, "आणखी कुणाला शेअर द्यायचं कबूल वगैरे केलंय का?"

साहेब माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले होते. गॉगल लावलेला.

"कागदावर आहे," मी म्हणाले आणि कागद पुढं सरकवला.

कानिटकरांनी ताक खाली ठेवलं. एकेक ओळ बोटानं वाचली. यादी मागितली, ठराव मागितला. दोन्ही मी काढूनच ठेवलं होतं.

"हे आजवर दिसलं नाही कुठं."

"अट पूर्ण झाली नव्हती."

"आणि आता झाली?"

"या मार्चला."

"काय हो रेठरेकर?"

साहेबांनी माझ्या खुर्चीची पाठ धरली. मागं त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "मला अजून नीट दिसत नाही हो. बाईंनी केलंय, म्हणजे बरोबरच असणार."

कानिटकरांनी कोपऱ्यात आपली बारीक सही केली. ते जुनं बिल मात्र मी त्यांना सांगितलं नाही. पाच वर्षांपूर्वीची बंद झालेली पुस्तकं, आणि माझ्या पगारावर चाललेलं घर. कारणं तयारच होती, आणि कारणं कधी कमी पडत नाहीत.

संध्याकाळी धाकट्या मालकांनी साहेबांना घरी बोलावलं. काय झालं ते कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून साहेब माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागले, ते शेवटपर्यंत. कोइमतूरवाल्यांनी कारखाना घेतला, शेअरला एकशे सोळा रुपये चौसष्ट पैसे भाव दिला, आणि पुस्तकात लिहिलेल्या एकशे शहाऐंशी जणांना त्यांचे शेअर दिले. माझी बदली स्टोअरमध्ये झाली. नट-बोल्ट मोजायला डोकं लागत नाही, मला ते मानवलं.

पण खरं सांगायचं ते घरचं. कंपनीच्या नफ्याचे आकडे पेपरात आले त्या रविवारी सकाळी आबा बाजेवर बसून पेपर वाचत होते. रिटायर झाल्यावर पहिले थोडे दिवस ते रोज संध्याकाळी कट्ट्यावर जायचे, जुन्या कामगारांच्यात बसायचे. मग गुडघे दुखतात म्हणून बंद केलं. पाच वर्षं घरातच. मी तेल आणायची, काढे आणायची. फरक म्हणून नाही.

"शालन, हे दोन आकडे का गं? वर दहा-दहा आन् खाली नऊ-बहात्तर?"

मी भाकरीचं पीठ मळत होते. "पंगत धरा आबा. बसलेत त्यांच्यात वाटलं तर एकेकाला किती येतं, तो वरचा. आणि आवतण दिलंय, बाहेर हातपाय धुताहेत, त्यांनाही धरलं तर किती येतं, तो खालचा."

"म्हंजे पोरांस्नी धरलं."

"धरलं. मुजावरचा स्लॅब होईल आता."

"ब्येस झालं," आबा म्हणाले आणि पान उलटलं.

मला वाटलं, ते आता विचारतील, मग मी का नाही पंगतीत? त्यांनी विचारलं नाही. पेपरच वाचत राहिले. मला ते सोसवेना. पिठाच्या हातानंच उठून मी बाजेजवळ गेले.

"आबा, तुमच्या पत्राचं सांगायचंय. पाच वर्षांपूर्वी मी एक बिल..."

"तीन एप्रिलचं," आबा म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"माल अठ्ठावीस मार्चला गेलता. गाडीत मीच चढवून दिला. मागनं तोटा दावला, तवा मुजावर जाऊन बिल बघून आला. म्हणला, आबा, तारीख खोटी हाय, समद्यांनी मिळून बोंब मारू." त्यांनी पेपराची घडी घातली, तिची आणखी एक घडी घातली. "मी इचारलं, बिलावर अक्षर कुणाचं हाय? त्यो गप झाला."

"मग?"

"मग काय? ऱ्हाऊ दे म्हटलं. तुझी नोकरी गेली असती. त्यानंबी पुना कदी तोंड उघडलं न्हाई."

"अठ्ठावीस माणसं होती, आबा."

"मला सांगतीस व्हय? माझ्यासंगं आनखी सत्तावीस. समदी संध्याकाळी कट्ट्यावर बसत्यात, आन् आपली पत्रं का गेली ते इचारत्यात एकमेकांस्नी."

मी त्यांच्या पायाशी बसले. पिठाचा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला, रोज तेल लावायची तिथंच.

"म्हणून कट्ट्यावर जात नाही तुम्ही?"

आबांनी माझा हात तसाच राहू दिला.

"गुडघ्यांस्नी काय धाड भरलीया," ते म्हणाले. "तवा तापलाय बघ, भाकरी टाक."